मी तिथे नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते. लाइनवर सगळ्या बायकाच, बहुतेक मराठवाड्यातल्या. सुरेखा माझ्या शेजारच्या टेबलावर. थेरगावात आमच्या खोल्याही शेजारीच, मध्ये एक भिंत. माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा सुट्टी तिने काढली होती, मी नाही. अशी ती.

एका दुपारी ती टेप आणायला स्टोअरमध्ये गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागे गेले. सुपरवायझरने तिला रॅकला दाबून धरलं होतं, एक हात तिच्या तोंडावर. मला बघून त्याने सोडलं, शर्ट नीट केला आणि काहीच घडलं नसल्यासारखा निघून गेला. सुरेखाने खाली पडलेलं टेपचं बंडल उचललं.

"तू पाहिलंस ना?" तिने विचारलं.

"पाहिलं," मी म्हणाले. म्हणाले होते मी.

तिने तक्रार केली. ऑफिसमधून निरोप आला, लाइनवरच्या प्रत्येकीला बोलावून विचारणार. जेवणाच्या सुट्टीत कमलताईने आम्हाला कपडे बदलायच्या खोलीत गोळा केलं. सुरेखा सोडून. कमलताई आमच्यात मोठी, अर्ध्याजणींना तिनेच कामाला लावलेलं. वाईट बाई नव्हती हो ती. म्हणाली, "हे बाहेर गेलं तर आपल्या घरचे उद्यापासून कामावर पाठवतील का? सगळ्या घरी बसाल. सुरेखाला मी समजावते. पण आत एकच बोलायचं, आपण काही पाहिलं नाही."

मागून एकजण पुटपुटली, "माझ्याशीपण तो एकदा..." आणि थांबली. कुणी पुढे विचारलं नाही. कमलताई एकेकीकडे बघत गेली, एकेक मान हलत गेली. माझ्यापाशी आली तेव्हा मी एकटीच उरले होते. काय करायला हवं होतं, ते काय मला माहीत नव्हतं?

मीही मान हलवली. आत चौकशी करणाऱ्या मॅडमना सांगितलं, मी टेबलावरच होते.

तुम्ही म्हणाल, भीती असते, पोट असतं, सगळ्याच तसं बोलल्या. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण एवढंच असतं ना — तर कधीतरी कुणाजवळ बोलूनही गेले असते.

रविवारी बालाजी आला. सुरेखाचा नवरा, कांदा मार्केटला टेम्पो चालवायचा. घरात मी एकटीच. बसा म्हटलं तरी बसला नाही, दारातच उभा राहिला.

"ताई, लोक म्हणतात ती खोटं बोलते. तिचंच त्याच्याशी काहीतरी होतं म्हणतात. माझं मन घेत नाही. कंपनीत तुम्ही काय बोलला ते बोलला, मी कुणाला सांगणार नाही. मला एकट्याला खरं सांगा."

कमलताई तिथे नव्हती. मॅडम नव्हत्या. नोकरी जाणार नव्हती. कुणी कुणी बघत नव्हतं माझ्याकडे — त्याच्याशिवाय.

"मी तिथे नव्हते, भाऊजी," मी म्हणाले.

"मग तुमचं नाव तिने उगीच घेतलं?"

मी गप्प राहिले. तेवढ्यावर थांबले असते तरी त्याला काय ते कळलं असतं. पण मी म्हणाले, "घेतलं असेल. अशा वेळी माणूस कुणाचंही नाव घेतं."

का बोलले? सगळ्या एकच बोलत होतो तोवर कुणीच खोटं बोलत नव्हतं, असं काहीसं झालं होतं. एकीने जरी खरं सांगितलं असतं, तरी खोटं बोललेली मी झाले असते. म्हणून तिला केलं.

तो "बरं" म्हणाला आणि गेला. मी भिंतीपलीकडच्या भांडणाची वाट पाहत बसले. भांडण झालं नाही. नुसता सुरेखाचा आवाज येत होता, तेच ते विचारणारा.

त्याने तिला परभणीकडे माहेरी नेऊन सोडलं. परत आणलं नाही. निघताना ती माझ्या दाराशी थांबली होती. मी आतून कडी घालून ओट्याशी उभी. तिने दार वाजवलं नाही.

पुढे त्या सुपरवायझरने लाइनवर आलेल्या एका नव्या मुलीवर हात टाकला. ती ओरडली, माणसं धावली, त्याला काढलं. त्या संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसने घरी निघालो. मग कमलताई म्हणाली, "सुरेखाच्या वेळी आपलं चुकलं गं." एकदोघींनी डोळे पुसले.

"हो, आपलं चुकलं," मीही म्हणाले.

बालाजी माझ्या दारात येऊन गेला होता, हे त्या बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.