मामांच्या गाडीचा पिकअप

चाकण-तळेगाव रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. ट्रक आत शिरला की ड्रायव्हरची पहिली तक्रार ठरलेली: पिकअप नाही. गाडीत लोखंड ठासून भरायचं आणि वर तिनं मोटारसायकलसारखं पळावं म्हणायचं! मी लातूरकडचा, मुळात तापट. "मग विमान घ्या की राव," म्हणून मोकळा होतो. लोक हसतात, चहा पितात आणि गाडी माझ्याकडेच सोडून जातात.

मामांना मात्र असं बोलायची माझी टाप नव्हती. ते नात्यातले नव्हेत, पण आमच्या रस्त्यावर सगळेच त्यांना मामा म्हणतात. मावळातल्या गावचे, साठी ओलांडलेले, स्वतःच्या ट्रकचे स्वतःच ड्रायव्हर. चाकणच्या एका कंपनीतून सुटे भाग भरायचे आणि आकुर्डीला पोचवायचे, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. गाडीत चढताना चप्पल काढून सीटमागे ठेवायची आणि अनवाणीच चालवायची, हा त्यांचा नेम. एकदा माझा मेकॅनिक बूट घालून आत चढला, तर त्याचा असा उद्धार केला! "देवघरात बूट घालून जातोस व्हय रं?"

तर असे मामा एका सकाळी तोंड पाडून आले. "गाडी वढंना झालीय. कालबी उशीर झाला. कंपनीचा सायेब म्हनला, आता परत उशीर झाला तर दुसरी गाडी लावतो. मंग मी काय करू सांग? घरात बसून भिताडं बघू?"

मी एअर फिल्टर पाहिला, डिझेल फिल्टर बदलला, टर्बोचे पाइप तपासले. सगळं ठाकठीक. उरला पेडलचा सेन्सर. आताच्या गाड्यांत पाय किती दाबला हे तोच इंजिनला कळवतो. त्याचे स्क्रू ढिले केले की तो थोडा फिरवता येतो. मी मीटर लावून तो जरासा पुढे सरकवला, म्हणजे थोडं दाबलं तरी इंजिन लवकर उठेल. मामा चक्कर मारून आले ते हसतच. "आरं, पोरीगत पळती की!" मलाही बरं वाटलं.

महिना झाला नसेल, मामा परत हजर. तीच तक्रार. सेन्सर पाहिला तर तो मी सरकवलेल्या जागीच घट्ट होता, आणि आणखी सरकवला असता तर गाडी उभ्या जागीच गुरगुरत राहिली असती. माझं डोकं सटकलं. "मामा, गाडीत काही नाही! मनाचे खेळ आहेत तुमचे! बसा वर, स्कॅनरवर दाखवतो."

मामा चप्पल काढून वर चढले. मी पायरीवर उभा, हातात स्कॅनर. पाय किती दाबला ते त्याच्या पडद्यावर दिसतं. "दाबा पूर्ण." आकडा निम्म्यावर येऊन थांबला.

"पूर्ण दाबा हो!"

"दाबलंय की. पार खाली टेकलंय."

मी वाकून बघितलं. पेडल निम्म्यातच होतं. मला वाटलं, मामा माझी थट्टा करतायत. त्यांच्या पावलावर हात ठेवून मी दाबलं, तर पेडल अलगद खाली गेलं आणि आकडा शंभरावर. मामा खाली स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखे.

हात काढला तर माझ्या बोटांना ओल लागली. त्यांचं पाऊल वळवून पाहिलं. इंजिनच्या उष्णतेनं केबिनचा पत्रा तापतो. टाचेला हा एवढा फोड येऊन फुटला होता, कातडं लोंबत होतं.

"मामा, अहो दुखत नाही का हे?"

"कुठं काय? न्हाई."

"साखर आहे का तुम्हाला?"

"हाय की. लई दिसापास्नं. गोळ्या कवा घेतो, कवा ऱ्हातं."

साखरेनं पाय असे बधिर होतात, हे मी ऐकून होतो. मी पाणी आणलं, पाय धुतला, स्वच्छ फडकं बांधलं. मग मामा हळूच म्हणाले, "तू हुशार हायस बाबा. आनखी जरा फिरव की त्यो सेन्सर. न्हाईतर पेडलला लाकडाचा ठोकळा लाव. कुनाला कळतंय?"

काय सांगू, माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्या क्षणी मामांनी मागितलं ते सगळं करावंसं वाटत होतं. ठोकळा लावणं मला काय अवघड होतं?

"लावतो मामा," मी म्हणालो, "पण ब्रेकचं काय करू? तोही ह्याच पायानं दाबायचाय."

बाहेर शिफ्ट सुटली होती, कंपनीच्या बसमागून बस चालल्या होत्या, दुचाकींची रांग लागली होती. त्या रस्त्याकडे मामा बघत राहिले. मग म्हणाले, "त्यो सेन्सर होता तसा कर."

मी केला. "आता तू चालव," म्हणाले, आणि स्वतः सरकून क्लीनरच्या बाजूला बसले. मी खाली बूट काढले आणि वर चढलो. रस्ता मोकळा मिळाल्यावर पाय दाबला, तशी गाडी अशी उसळली की मामांनी समोरची दांडी धरली. आणि हसले हो ते! डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. डॅशबोर्डवर थोपटून म्हणाले, "चांगली हायस गं. उगा तुला बोल लावला."

गॅरेजच्या दारात मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, माझीच मूठ मिटवली.

"माझ्या गाडीला ड्रायव्हर बघ येखादा," मामा म्हणाले. "चप्पल काढून चढनारा बघ."