डॉक्टरकाकांच्या मनगटाची हजारावी विकेट

जगाच्या तीन आठवडे मागे राहून सुखाने जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या समोरच्या घरात राहत होता. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. हाडांचे डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी ते इंग्लंडमधल्या एका लहानशा हॉस्पिटलात नोकरीला होते, आणि तिथे त्यांनी एका दहा वर्षांच्या मुलाचं मोडलेलं उजवं मनगट बसवलं होतं. तो मुलगा पुढे कौंटी क्रिकेटमध्ये ऑलराउंडर झाला. झालं, तेव्हापासून त्या मनगटाची मालकी काकांकडे आली.

या ऑलराउंडरला त्याच्या देशाने कधी टेस्ट खेळायला बोलावलं नाही, पण काकांच्या बेसमेंटची एक अख्खी भिंत त्याच्या कात्रणांनी भरली होती. मी गवत कापत असलो की काका मशीन बंद करायला लावून सांगत, "आपल्या मनगटाने चार विकेट काढल्या रे." तो शून्यावर आउट झाला तर म्हणत, "बॅटिंगमध्ये टॉप हँड लेफ्ट असतो. ते मनगट माझं नाही." ही खबर इंग्लंडहून पोस्टाने येणाऱ्या साप्ताहिकातून कळे आणि त्याला तीन आठवडे लागत. मधल्या काळात कुणी स्कोअर सांगायला लागलं की काका कानांवर हात ठेवून मोठ्याने रामरक्षा म्हणत. एकदा लंडनहून आलेल्या एका पाहुण्याने जेवताना नुसतं तोंड उघडलं, तर काकांनी त्यात अख्खा बुंदीचा लाडू कोंबला. तो बिचारा पाणी मागत होता.

काका स्वतःही खेळत. दर रविवारी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आमचा टेनिस बॉलचा सामना असे आणि स्टंप म्हणून कचऱ्याचा पत्र्याचा डबा. "मला आजवर कुणी क्लीन बोल्ड केलेलं नाही," असं काका बॅट हातात घेण्यापूर्वीच जाहीर करत. डबा दणदणला की म्हणत, "ट्रायल बॉल होता." एकदा तर डबा आडवा झाला. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "अहो, डबा पडला." काका म्हणाले, "वाऱ्याने." त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

मग त्या ऑलराउंडरचा शेवटचा सीझन आला. शेवटच्या सामन्यापूर्वी त्याच्या नऊशे शहाण्णव विकेट झाल्या होत्या. चार काढल्या की हजार. काकांनी पोस्टाचा अंदाज बांधून ऑक्टोबरातला एक शनिवार ठरवला, चाळीस जणांना जेवायला बोलावलं आणि वर 'हजार' लिहिलेला केक ऑर्डर केला. घोटाळा एवढाच की तोवर आमच्या ऑफिसांत इंटरनेट आलं होतं आणि सामना संपला त्याच दिवशी सगळ्या इंजिनिअर मंडळींना कळलं होतं. तीनच मिळाल्या. नऊशे नव्व्याण्णव.

"यार, केक तरी कॅन्सल करायला सांगू या," कुणीतरी म्हणालं. पण सांगणार कोण? चाळीस माणसं तीन आठवडे तोंडात लाडू असल्यासारखी गप्प बसली. पहिल्याच आठवड्यात मी काकूंना गाठलं होतं. त्या म्हणाल्या, "मला माहितीये. मुलाने फोनवर सांगितलं. त्यांना सुखाने तीन आठवडे जगू दे."

शनिवारी काकांनी सगळ्यांसमोर साप्ताहिकाचं पाकीट फोडलं. वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला. आम्ही सगळे आपापल्या पायमोज्यांकडे बघत होतो. मला फार वाईट वाटलं.

"प्लास्टर काढलं त्या दिवशी," काका हळूच म्हणाले, "त्याला वाटत होतं, आता बोलिंग जमणार नाही. मी म्हटलं, टाकून तर बघ. कॉरिडॉरमध्ये मी कुबडी घेऊन उभा राहिलो, मागे कचऱ्याचा डबा. त्याने बँडेजचा गोळा टाकला. असा वळला की मला दिसलाच नाही." त्यांनी सुरी उचलली. "क्लीन बोल्ड. ही एक कुणी मोजलेली नाही. मोजा."

आणि त्यांनी केक कापला.

दुसऱ्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये पहिल्याच बॉलला डबा वाजला. काकांनी डब्याकडे वळून पाहिलं. बॅट काखेत घेऊन चालू लागले. ते आम्हा कुणालाच बघवेना. "काका, ट्रायल बॉल होता," मी ओरडलो. मग सगळेच ओरडले. काकांनी नुसती नाही म्हणून मान हलवली आणि बॅट माझ्या हातात दिली.