दुकान उघडायच्या आधी

तुळजापुरात माझं जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. नवा धंदा टाकणारे आधी नंबर काढायला माझ्याकडं येतात. फॉर्ममधले प्रश्न तसे साधेच. पण माणसं उत्तरं अशी देतात, की ती रकान्यात मावत नाहीत. ती मग माझ्याकडंच साठत जातात!

*

ढोकीचे एक काका ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकणार होते. विचारलं, "काका, काय काय विकणार?"

"ट्रॅक्टरला लागतंय ते समदं."

"असं न्हाय चालत. नेमकं सांगा."

काकांनी लई विचार केला. "लिवा मग. डायवर सोडून समदं!"

*

एका हार्डवेअरवाल्याचं आधार बायकोच्या मोबाइलला जोडलेलं, आणि बायको रुसून माहेरी लोहाऱ्याला. ओटीपी तिकडं गेला. यानं फोन लावला, बाहेर जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलला आणि पडल्या तोंडानं परत आला.

"मिळाला?"

"चारच आकडे सांगितले. उरलेले दोन न्यायला आल्यावर देते म्हणाली!"

*

एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर मामा स्टेशनरीचं दुकान काढत होते. "मामा, धंदा कधी सुरू केला? तारीख लागते."

मामांनी उलट विचारलं, "डोक्यात म्हणता, का गाळ्यात?"

गाळ्याचीच टाकली. दुसरी विचारायचं धाडस झालं नाही.

*

शमीमभाभी नळदुर्गच्या. नवरा वारल्यावर त्या घरीच शेंगदाण्याची चटणी कुटून हायवेवरच्या ढाब्यांना देऊ लागल्या. मग हैदराबादच्या एका दुकानदारानं माल मागितला, पण जीएसटी नंबर असेल तरच. घर सासूच्या नावावर, म्हणजे संमतीपत्रावर सासूचा अंगठा हवा.

सासूबाई म्हणाल्या, "पोरगा गेला. आता घर बी जायचं व्हय?" अंगठा काही दिला नाही.

भाभींनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. भाड्याचा गाळा बघते."

थोड्या दिवसांनी सासूबाई एकट्याच एसटीनं माझ्या ऑफिसात हजर. खुर्चीच्या कडेवर बसल्या. "गाळा घेतला, तर ती तिकडंच राहायला जाईल का ओ?"

म्हणालो, "मला न्हाय माहीत, अम्मी."

मी त्यांना चहा मागवला. चहा निवला. मग म्हणाल्या, "अंगठा कुठं लावायचा?"

पुढं जागा तपासायला जीएसटीचे साहेब भाभींच्या घरी आले. मीही गेलो होतो. कागद चाळत त्यांनी विचारलं, "घर कुणाचं?"

"माझं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि धंदा करणारी ही तुमची कोण?"

"लेक."

साहेबांनी कागद वर धरला. "इथं तर सून लिहिलंय."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, चुकलंय की हो ते. नीट करा!"