तांदळाच्या दाण्याएवढी गाठ

माझ्या घशात गाठ आहे हे कळल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो असा, की मग पुतण्याच्या हळदीला गाणार कोण? गाठ कसली, बरी होते का, दुखते का, हे सगळं नंतर. प्रश्न माझ्या मोठ्या जाऊबाईंनी विचारला आणि विचारताना त्यांचा चेहरा खरोखर काळजीनं उतरला होता. मला राग आला तो त्या काळजीचाच.

आधी गाण्यांचं सांगते. माझ्या सासरची अर्नाळ्याजवळ वाडी आहे. केळी, नारळ, थोडी पानवेल. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, आमच्याकडे बायका गाणी म्हणतात. विहिरीवरून पाणी आणताना वेगळी, हळद कुटताना वेगळी, नवऱ्या मुलाला पाटावर बसवताना वेगळी. सगळी घरच्या जुन्या बोलीत आहेत आणि कुठेही लिहिलेली नाहीत. एकीनं पुढे होऊन ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून तिचं शेपूट उचलायचं, अशी रीत. पुढे म्हणणाऱ्या माझ्या चुलत सासूबाई होत्या.

मी या घरात आले ती मनवेलपाड्याच्या चाळीतून. वडील साताऱ्याकडून नोकरीला आलेले, आमच्या घरी लग्नाला बँडवाला सांगितला की संपलं. मला इथली बोलीसुद्धा कळत नव्हती. पण चुलत सासूबाई दुपारी पानांच्या जुड्या बांधत बसायच्या, मी शेजारी बसायची, आणि त्या गुणगुणायच्या ते मी उचलायची. चुकलं की त्या पान हातात तसंच धरून थांबायच्या, बरोबर म्हणेपर्यंत पुढची जुडी बांधायच्या नाहीत. अशी चार पावसाळे चाललेली ती शाळा. त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात सगळ्यांनी मला पुढे ढकललं. तेव्हापासून अठरा वर्षं मी पुढे आणि त्या घरात जन्मलेल्या, वाढलेल्या सगळ्याजणी मागे. मला याचा अभिमान होता. आता वाटतं, अभिमानापेक्षा अक्कल असती तर बरं झालं असतं.

कारण मधल्या काळात मांडवात डीजे आला. आधी तो फक्त वरातीपुरता होता, मग हळदीला सकाळपासूनच लागायला लागला. गाणी बंद करा असं कोणी म्हटलं नाही, तेवढे आम्ही संस्कारी आहोत. मांडवाच्या एका कोपऱ्यात आम्ही गायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर वाजायचे. तुझा आवाज खणखणीत आहे, तुला काय, असं म्हणून सगळे हसायचे, आणि मीही मूर्खासारखी फुशारून आणखी वरच्या पट्टीत चढायची.

जाऊबाईंच्या मुलीच्या हळदीला, विहिरीच्या पाण्याचं गाणं म्हणताना, माझ्या घशात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. ओळीच्या मध्यावर आवाज फाटला आणि खाली पडला. मागच्या बायकांना वाटलं मी थकले, त्या हसल्या. मी पाणी प्यायले आणि उरलेली गाणी म्हटली. तीन तास म्हटली. हे मी कोणाच्या माथी मारत नाही, हा माझाच गाढवपणा.

दुसऱ्या दिवशी आवाज नव्हता. आठवड्यानं आला तो घोगरा, मधेच तुटणारा. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, दिवसभर खिडकीवर पालकांशी बोलायचं असतं. फोनवर लोक मला ‘सर’ म्हणायला लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून ‘आ’ करायला सांगितलं, घसा लाल आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. महिन्यानं पुन्हा बॅटरी, पुन्हा गोळ्या. असं सात महिने चाललं. वाडीतल्या प्रत्येक बाईनं मला काहीतरी चघळायला दिलं. ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर, विड्याच्या पानात काहीतरी काळं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तर इतक्या केल्या की समुद्राकडे बघवेना. आणि गुळणीचं पाणी जिथवर पोहोचतं त्याच्या खालीच आवाजाची जागा असते, बॅटरीचा उजेडही तिथे जात नाही, ही साधी गोष्ट सात महिन्यांत मला एकानंही सांगितली नाही.

ती सांगितली आचोळ्याच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी. शाळेतल्या एका शिक्षिकेनं माझा हात धरून तिथे नेलं म्हणून गेले. डॉक्टरबाईंनी तोंडातून एक दुर्बीण घातली, जीभ फडक्यात धरून ठेवली आणि मला ‘ई’ म्हणायला सांगितलं. समोरच्या पडद्यावर माझ्या स्वरयंत्रातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडताना आणि मिटताना दिसत होत्या. त्यांतल्या एकीच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा लालसर फुगवटा होता. पट्ट्या मिटायला गेल्या की तो मधे यायचा आणि फट उरायची. त्या फटीतून वारा जातो, म्हणून आवाज घोगरा.

“हे कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

सात महिने, मी म्हटलं.

“आणि सात महिन्यांत आत कोणी बघितलं नाही?”

त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, पण मला रडू आलं. मग त्यांनी नीट समजावलं. जोरात ओरडताना पट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटते, तिथे असा पॉलिप येतो. दिसायला तरी ही साधी गाठ आहे, कॅन्सरसारखी वाटत नाही, तरी काढल्यावर तपासायला पाठवू. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर आत बघायलाच हवं असतं. औषधानं ही जाणार नाही, भूल देऊन तोंडातूनच काढावी लागेल, बाहेर चीर नाही. नंतर सात दिवस तोंडातून अवाक्षर नाही, कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजतानाही पट्ट्यांवर ताण येतो. पुढे हळूहळू बोलायचं. गाणं मात्र दोन महिने बंद.

पुतण्याचं, म्हणजे जाऊबाईंच्या थोरल्याचं, लग्न पाच आठवड्यांवर होतं.

त्या संध्याकाळी घरात जी बैठक बसली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, एवढं लग्न होऊ दे, मग कर काय ते. सात महिने थांबलीस, आणखी पाच आठवड्यांनी काय होतंय. शिवाय गाठीला हत्यार लागलं की ती पसरते, त्यांच्या माहेरच्या कोणाची तरी पसरली होती. कोणाची, कुठली, हे त्यांना सांगता येईना. मोठे दीर म्हणाले, हिच्याशिवाय हळद म्हणजे हळदच नाही. सगळे माझं कौतुक करत होते. माझ्या नवऱ्याकडे मी बघितलं तर तो म्हणाला, दोघींचंही बरोबर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या वाक्याइतका मला त्याचा कधी संताप आला नाही.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना फोन केला. थांबलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, जिवाला धोका दिसत नाही, पण त्या गाठीवर दिवसभर गायलात तर पुन्हा रक्त साकळेल, पट्टीवर व्रण पडेल, आणि मग मी गाठ काढली तरी पूर्वीचा आवाज परत देईन असं सांगू शकत नाही. ठरवायचं तुम्ही.

घरी येऊन मी जाऊबाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, वहिनी, हा आवाज कायमचा गेला तर नंतरच्या लग्नांत कोण गाईल? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तेव्हाचं तेव्हा बघू गं.”

तिथेच माझं ठरलं. मी ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशन छोटंसंच झालं, संध्याकाळी घरी आले. त्रास झाला तो त्या सात दिवसांच्या मौनाचा. मी मुलीची जुनी पाटी घेतली होती. मी पाटीवर लिहायची आणि समोरची माणसं मला बहिरी समजून ओरडून उत्तर द्यायची. नवरा तर माझ्या हातातली पाटी घेऊन त्यावर उत्तर लिहायचा. मी त्याच्याकडे बघत राहिले की त्याच्या लक्षात यायचं आणि मग तो कानाजवळ येऊन कुजबुजायचा. शेजारच्या बाईंनी कुठल्या देवाचं व्रत आहे असं विचारलं आणि ऑपरेशन आहे कळल्यावर निराश होऊन गेल्या. जाऊबाई डबा पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत.

तपासणीचा कागद आला. साधीच गाठ. नवऱ्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला. त्याला तेवढ्यापुरतं माफ केलं.

हळदीच्या दिवशी मी हळू आवाजात बोलू शकत होते. मांडवात मला पुढे खुर्ची दिली होती, पाहुणीसारखी. पाण्याची कळशी विहिरीवरून निघाली आणि डीजेवर गाणं लागलं. पहिल्या दोन शब्दांतच माझ्या अंगावर काटा आला. तो माझा आवाज होता. पुतणीच्या हळदीला कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, त्याला खालून ढोलाचा ठेका जोडला होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागल्या. जाऊबाई हौसेनं माझ्या कानात म्हणाल्या, बघ, न गाता गायलीस.

आणि ती ओळ आली. ठेक्यावर आवाज वर चढला, फाटला, खाली पडला. मागून बायकांचं हसू. ते हसूही त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून सबंध वाडीला ऐकू गेलं. माझ्या घशातली रक्तवाहिनी ज्या क्षणी फुटली त्या क्षणावर माझ्या घरची माणसं नाचत होती.

मी उठले, स्पीकरपाशी गेले आणि बोर्डातली पिन उपटली.

एकदम एवढी शांतता झाली की केळीची पानं वाजलेली ऐकू आली. मी माझ्या नव्या, बारीक आवाजात म्हटलं, “आता तुम्ही म्हणा.”

चाळीसएक बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी त्या घरात जन्मलेल्या. जाऊबाईंनी पहिली ओळ सुरू केली, अर्ध्यावर थांबल्या. दुसरी ओळ एकीलाही येईना. सगळ्यांना फक्त शेपटं येत होती. अठरा वर्षं त्या माझ्यामागे तेवढंच म्हणत आल्या होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो माझा मलाच. मीही कधी एकीलाही जुड्या बांधायला शेजारी बसवलं नव्हतं. पुढे उभं राहायला मला आवडत होतं.

गाणं मना होतं, बोलणं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यात बसले आणि खिडकीवर पालकांना सांगते तशी एकेक ओळ साधी बोलून सांगितली. मी बोलायची, त्या चालीवर म्हणायच्या. सूर लागत नव्हते, दोघी पुढे, तिघी मागे, पण कळशी मांडवात येईपर्यंत गाणं पुरं झालं. जाऊबाईंचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, कळलं यांना.

पाणी ओतून होताच कोणीतरी पिन परत लावली.

दोन महिने झाल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. पट्ट्या स्वच्छ होत्या, काठ सरळ, पूर्ण मिटत होत्या. आता गा म्हणाल्या, पण गोंगाटावर मात करायला जाऊ नका, परत होईल. घरी येऊन मी स्वयंपाकघरात विहिरीच्या पाण्याचं गाणं म्हटलं. ती ओळ आली तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते. आवाज वर गेला आणि तिथेच राहिला.

परवा जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या धाकट्याचं ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. बोलता बोलता म्हणाल्या, आवाज किती गोड झाला गं तुझा, आता काही प्रश्नच नाही. मी विचारलं, गाणी म्हणेपर्यंत डीजे बंद ठेवाल?

त्या समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, “बंद कसा ठेवणार गं, पोरं नाराज होतात. बारीक करायला सांगू.”

“मग मी येईन वहिनी,” मी म्हटलं, “हळद लावीन, जेवीन, आहेर करीन. गाणार नाही.”

त्या म्हणाल्या, बरं, राहू दे मग. तुझ्या घशाला त्रास नको.