मगनलाल सखाराम, फैजपूर

नाशिकच्या भांडीबाजारात मोडीच्या पितळेच्या ढिगात मला तो बिल्ला मिळाला. रुपयाएवढा गोल, वर बारीक भोक, एका बाजूला "५ पैसे" आणि दुसऱ्या बाजूला "मगनलाल सखाराम, किराणा, फैजपूर". बाजारात सुट्ट्या पैशांची चणचण असायची, त्या काळात दुकानदार चिल्लरऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर असे स्वतःच्या नावाचे बिल्ले ठेवत. पुढच्या खेपेला तोच बिल्ला परत द्यायचा आणि तेवढ्याचं सामान न्यायचं. मला ते जमवायचा नाद आहे. पण बिल्ल्यावरच्या माणसाला शोधायला मात्र मी कधी गेले नव्हते. "पाच पैशांसाठी फैजपूर?" नवऱ्याने विचारलं. तो हसला आणि माझं जायचं पक्कं झालं.

डिसेंबरातली सकाळ. नाशिकरोडहून गाडीने भुसावळ, तिथून फैजपूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च नावालाच. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि खिडकीतून येणारा वारा एकदम गार होतो. मध्ये बामणोद लागतं. भरताची वांगी इथली. थंडीत जाणार असाल तर पिशवी रिकामी न्या.

फैजपूरच्या स्टँडवर केळीचे वेफर्स तळणाऱ्या एका काकांना बिल्ला दाखवला. "मगनलाल सखाराम यांच्या घरचं कुणी आहे का इथे?"

त्यांनी झारा बाजूला ठेवला, बिल्ला उजेडात धरला आणि हसायला लागले. "ताई, हा एक माणूस नाही. दोन हायेत."

मी मगनलाल हे नाव आणि सखाराम हे त्यांच्या वडिलांचं, असं धरून चालले होते. प्रत्यक्षात मगनशेठ हे मारवाडी व्यापारी आणि सखाराम पाटील हे गावातले शेतकरी. दोघांनी भागीत दुकान काढलेलं. मगनशेठ कधीच गाव सोडून गेले होते. सखारामांचा मुलगा मात्र इथेच, मारुतीच्या देवळामागे राहत होता.

त्यांना सगळे वासुदेव नाना म्हणतात. पासष्टीच्या पुढचे, केळीच्या चिकाने कपड्यांवर डाग पडलेले. मी कशासाठी आले ते सांगितलं तसं त्यांनी आधी पाणी दिलं, मग बिल्ला हातात घेतला. अंगठ्याने त्यावरची अक्षरं पुसली.

"भुसावळहून करून आणले होते," म्हणाले. "आमचा बिल्ला यावलच्या बाजारात पण चालायचा. लोक सरकारी नाण्यापरी घ्यायचे."

"मग दुकान बंद का झालं?"

"बंद नाही झालं. शेठ गेले. एक दिवस सकाळी बाप्पाच्या, माझ्या वडलांच्या, हातात किल्ल्या ठेवल्या, म्हणे धुळ्याले चाललो. का, ते नाही सांगितलं. बाप्पानं मरेपर्यंत पाटीवरचं त्यांचं नाव पुसू दिलं नाही. शेठचा सुरेश अन् मी एका बाकावर बसत होतो. तो पण काही न सांगता गेला."

"तुम्ही धुळ्याला कधी गेला नाहीत?"

"कायले जाऊ मी? गेले ते. यायचं त्यांनी."

एवढं बोलून ते बागेत पाणी बघायला निघून गेले. बिल्ला त्यांनी माझ्या हातात परत दिला होता. मला वाटलं, उगीच आले, भरत आलेल्या जखमेवरची खपली काढली.

त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "सुरेश हाये धुळ्याले. आग्रा रोडवर सुया-दोऱ्याचं दुकान हाये म्हणतात. आमच्या लग्नातबी यांनी त्याची वाट पाह्यली होती. तुम्ही नाशिकले चालल्याच हायेत तर वाटेत धुळ्याले विचारा ना बाई." आणि त्यांनी मला स्वतःचा फोन नंबर दिला.

त्या रात्री जळगावला स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली साधी, पण गरम पाणी भरपूर. सकाळी धुळ्याची एसटी. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे वेचणी होत आलेला कापूस. शेजारच्या आजींनी विचारलं, "कथा जानं शे ताई?" मी म्हटलं, धुळ्याला, एका माणसाला भेटायला. "वळखना शे का?" ओळखीचा आहे का? मी म्हटलं, अजून नाही.

आग्रा रोडवर सुया-दोऱ्यांची दुकानं बरीच आहेत. चौथ्या दुकानात बटणांच्या बरण्यांमागे एक बारीक, टक्कल पडलेले गृहस्थ अस्तराचं कापड मोजत होते. मी बिल्ला काउंटरवर ठेवला. त्यांचा गज तसाच हवेत राहिला.

"हा कुठे मिळाला?"

मी सगळं सांगितलं, नानांचं बोलणंसुद्धा. सुरेशभाऊंनी गिऱ्हाइकाला "जरा बसा" म्हटलं आणि मला आत माळ्याखाली नेलं.

"आईला क्षय झाला होता," ते म्हणाले. "तेव्हा ते नाव घ्यायलासुद्धा लोक घाबरायचे. आम्ही दुकानाच्या मागेच राहायचो. धान्य आईच निवडायची. वडील म्हणाले, गावात कळलं तर सखारामच्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही. त्याची शेती कोरडवाहू, पोरं लहान. धुळ्याला नात्यातले डॉक्टर होते, म्हणून इकडे आलो. सखारामकाकांनाही सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. त्यांना कळलं असतं तर त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नसतं."

"आणि आई?"

"बरी झाली. पुढे खूप वर्षं जगली. पण तोवर एवढा काळ गेला होता की आता कोणत्या तोंडाने जायचं, असं वडिलांना वाटायचं. मग मलाही तसंच वाटायला लागलं."

मी अक्कांना फोन लावला. त्यांनी तो नानांकडे दिला. जे ऐकलं होतं ते मी नानांना सांगितलं, जमेल तेवढं नीट. मग मी फोन स्पीकरवर टाकून सुरेशभाऊंच्या हातात दिला.

"वाश्या," ते म्हणाले, "मी सुऱ्या."

बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते; त्यांनी फोनचा आवाज वाढवला.

"सांगायचं होतं ना रे मले," नाना म्हणाले. "बाप्पानं काकूच्याच हातचं खाल्लं असतं. आम्ही बठ्ठ्यांनीच, सगळ्या घरानं खाल्लं असतं."

सुरेशभाऊंनी फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर येऊन बसले. अस्तरासाठी थांबलेल्या बाईंनी विचारलं, "घरात काही वाईट झालं का हो?" मी नाही म्हटलं. मग त्यांच्या ब्लाऊजच्या रंगाची बटणं आम्ही दोघींनी मिळून शोधली.

बिल्ला मी दुकानातच ठेवून आले. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, नाकातून पाणी येईपर्यंत तिखट, आणि संध्याकाळच्या एसटीने नाशिकला परतले. नवऱ्याने विचारलं, "मग, सापडला का मगनलाल सखाराम?" मी सांगायला बसले आणि आमटी उतू गेली.

घरी उरलेले बिल्ले आता मला जरा वेगळे दिसतात. त्यांच्यावरची नावं वाचताना मी पूर्वीसारखी घाई करत नाही. पण सगळ्यांच्या मागे जायचं धाडस होईल का, माहीत नाही. प्रत्येक दुकानामागे एवढी चांगली माणसं निघतीलच असं नाही.

संक्रांतीनंतर अक्कांचा फोन आला. "आले बाई सुरेशभाऊ. दोघं सकाळी स्टँडवर भेटले तेव्हापासून भांडून राहिले."

मी विचारलं, "कशावरून?"

"जुन्या दुकानात गणपती कोणत्या भिंतीले बसायचा त्याच्यावरून. हे म्हणतात उगवतीच्या, ते म्हणतात मावळतीच्या. दोघं जाऊन पाहून आले. आता तिथं मोबाईलचं दुकान हाये, भिंतीच पाडून टाकेल हायेत." मागून दोन म्हाताऱ्यांचा चढलेला आवाज येत होता. अक्का हसत म्हणाल्या, "आता काही मिटत नाही हे. जेवायले वाढते, ठेवू फोन?"