न दुखलेली सुई

माझ्या आईचा हात फार लवकर उठतो. लहानपणी तिने आम्हा भावंडांना द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांनी फोडून काढलंय. दिंडोरीच्या बागांत तिच्या टोळीतल्या बायकाही तिच्या वाटेला जात नसत. तोच तापटपणा माझ्यातही उतरलाय, त्यामुळे आमच्या घरात रोजचीच जुंपलेली.

म्हातारपणी तिच्या डोळ्यांचे पडदे झिजायला लागले. समोर बघितलं की मधोमध काळा डाग. तरी छाटणीला जायचा हेका सुटेना. नाशिकच्या एका दवाखान्यात यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: काहींना डोळ्यात खरं इंजेक्शन, काहींच्या डोळ्याला नुसती बिनसुईची सिरिंज टेकवायची, कोणाला काय, ते चाचणी संपल्यावरच कळणार. आईने अंगठा दिला, मी साक्षीला सही केली.

डोळा आधी बधिर करत, त्यामुळे तिला काही जाणवायचं नाही. पण आईचं आयुष्यभराचं मत ठाम होतं, सुई ठणकली तरच गुण येतो. दवाखान्याच्या बाकावर चाचणीतलीच हरसूलची एक म्हातारी डोळा दाबून कण्हत बसायची. तिच्या कण्हण्यानेच आई जळायची.

"तिला खरं देत्यात. मला येडी समजून नुसतं टेकवत्यात."

एका खेपेला तिने उठून डॉक्टरीणबाईंच्या थोबाडीत मारली. ट्रे उधळला, बाटल्या फुटल्या. "फसवती का गं मला?" म्हणत तिने त्यांचा गळाच धरला. मी मागून कवेत धरून ओढलं, तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. रिक्षात मी तिला वाट्टेल ते बोलले. ती परत तिकडे गेली नाही ती नाहीच.

यंदा चाचणी संपली आणि दवाखान्यातून फोन आला. आईला खरं औषध मिळत होतं. ज्यांनी ते पूर्ण घेतलं त्यांची झीज मंदावली होती. आईला मात्र तोवर माझा चेहरा दिसेनासा झाला होता.

मी तिला सांगणार नव्हते. पण त्याच संध्याकाळी आमटी खारट झाली म्हणून तिने ताट भिंतीवर भिरकावलं आणि माझं डोकं फिरलं.

"खरीच सुई होती तुझी! ऐकलंस? खरं औषध होतं!"

ती हात उगारून माझ्या अंगावर आली. मी हलले नाही. हात माझ्या कानाशेजारून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळला, बोटं सोलून निघाली. ती तिथेच खाली बसली.

"खरी व्हती," ती म्हणाली, "तं मंग दुखली का नाय?"