ओळीनंतरच्या चार मात्रा

मिरजगावच्या कार्यक्रमात प्रकाश गाणं अर्धवट टाकून स्टेजवरून उतरला. तो शब्द विसरला, असं मी लोकांना सांगत आलो. ते खोटं होतं. इतकी वर्षं खरं सांगायचं मी टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि गाणी बसवायचो. घरोघरी टीव्ही आला होता. लोक कार्यक्रम सोडून उठायचे. शेठ, म्हणजे आमचे मालक, एकदा म्हणाले, "मास्तर, पब्लिक हसवा. नाहीतर वाद्यं विकून टाकू." म्हणून मी मिक्स काढलं. आता त्याला मॅशअप म्हणतात.

एक गाणं प्रकाशचं. प्रेयसीच्या दारात उभं राहून विनवणाऱ्या माणसाचं. दुसरं त्या वर्षी गाजलेलं पॉप. त्यात पोरगी सगळ्यांनाच उद्या यायला सांगते. ते सुनीता गायची. दोन्हींचा ताल आठ मात्रांचा केरवा. पॉपची लय बरोबर दुप्पट, म्हणून एकाच ठेक्यावर दोन्ही चालायची. पट्टी तेवढी वेगळी होती. सुनीताला मी काळी दोनवरून प्रकाशच्या काळी एकवर उतरवलं. खरी गंमत जागेची होती. प्रकाशची ओळ संपली की चार मात्रा मोकळ्या राहायच्या, तिथे व्हायोलिन वाजायचं. ते काढून मी सुनीताचं 'उद्या या' टाकलं. तो विनवतो, ती टोलवते.

कोल्हारला पहिल्यांदा केलं आणि पडलं. सूर-ताल चोख, पण कोणी हसेना. घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं. सुनीताची ओळ यायच्या आधीच प्रकाशच्या आवाजात हसू होतं. रडणारा खरंच रडत असेल तरच अशा मिक्समध्ये लोक हसतात. त्याला पुढचं ठाऊक असलं की गंमत गेली.

पुढचा कार्यक्रम मिरजगावला, एका शाळेच्या मैदानात, भर दुपारी. गाव प्रकाशचं. त्याचे वडील, नाना, त्याच शाळेत शिपाई होते. साखर कारखान्यातली नोकरी सोडून पोरगा गाण्यात पडला, तेव्हापासून ते त्याच्याशी धड बोलत नव्हते.

"मास्तर, आज मिक्स नको," प्रकाश म्हणाला. "नाना पहिल्यांदा ऐकायला आल्यात. साधंच वाजवा."

"साधंच वाजवतो," मी म्हणालो. तेव्हा मनातही तसंच होतं.

पहिली चार गाणी पडली. लोक चपला शोधू लागले. शेठ विंगेतून हातवारे करत होते. मग प्रकाशनं ते विनवणीचं गाणं सुरू केलं. तसा तो कधीच गायला नव्हता. पुढच्या रांगेत नाना डोळे मिटून बसले होते. कोल्हारला जे कमी पडलं होतं, ते आज समोर होतं. मी सुनीताला मान हलवून खूण केली.

तिची ओळ अचूक पडली. मंडप हसून लोळला. उठलेले लोक परत बसले. नानांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि मान खाली घातली. प्रकाशनं पुढची ओळ घेतली. ती पुरी व्हायच्या आतच लोक हसायला लागले. त्यानं माइक स्टँडला लावला आणि तो उतरून गेला.

"त्याला सांगितलं नव्हतं का?" शेठनी मला विचारलं.

"सांगितलं होतं. विसरला, गांगरला," मी म्हणालो.

प्रकाश दोन हातांच्या अंतरावर पायात चपला घालत होता. त्यानं ऐकलं. तालमीला तो परत आला नाही. मिक्स आम्ही दोन वर्षं चालवलं, नवा गायक घेऊन. त्याला सगळं माहीत असायचं. तसं हसू पुन्हा आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तो नगरच्या स्टँडवर भेटला. परत कारखान्यात लागला होता. त्यानंच हाक मारली, चहा पाजला.

"ते मिक्स बसलं हुतं बरं का, मास्तर," तो म्हणाला. "नाना जाईपर्यंत इचारायचे, त्या गान्याची पुढची ओळ काय हुती म्हनून."

"मग म्हणून दाखवलीस का?"

"न्हाई."

एवढं बोलून तो थांबला. माझ्या ओळीसाठी जागा मोकळी होती.

"दोन्हींची पट्टी एक केली होती ना," मी म्हणालो, "म्हणून बसलं."

त्यानं मान हलवली. त्याची एसटी लागली होती.